टिपणीसांच्या फळ्यावरची ‘मादा’

टिपणीस हे गाईंचे डॉक्टर आहेत, ही गोष्ट टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या मराठी मंडळींना बराच काळ कोणी सांगितलीच नव्हती. यात टिपणीसांचा दोष नव्हता. दोष आमच्या गणेशोत्सव समितीच्या चिटणिसांचा. माइक हातात आल्याच्या आनंदात त्यांनी जाहीर केलं, की आज आपल्यात त्सुकुबाचे सुप्रसिद्ध फर्टिलिटी स्पेशालिस्ट डॉक्टर टिपणीस उपस्थित आहेत. कोणाच्या फर्टिलिटीचे, हे सांगायच्या आत आरतीची वेळ झाली. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण प्रसादाच्या रांगेशेजारी टिपणीसांसमोर दुसरी एक रांग लागली.

एका बाईंनी आवाज खाली आणून आपल्या नणंदेची केस सांगितली. टिपणीसांनी मोदक खात सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कितवं वेत?" गाईम्हशींच्या बाळंतपणाचा तो शब्द बाईंना कुठला तरी भारी वैद्यकीय शब्द वाटला. नणंदेला विचारून कळवते, असं त्या म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो. नंतर मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही खरं काय ते सांगायला हवं होतं. ते म्हणाले, मी कोणाचा डॉक्टर ते मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची आमच्या पुण्यात पद्धत नाही.

मला हे गुपित माहीत होतं, कारण माझ्या कंपनीने मला त्यांच्याच संस्थेत पाठवलं होतं. टोकियोतल्या बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारा मी. साहेबांनी एके दिवशी सांगितलं, उद्यापासून टोकियोबाहेर त्सुकुबाला जा, तिथे दुभत्या गाईंचा डेटा आहे. डेटा तो डेटा, असं साहेबांचं मत होतं. रोज सकाळी उलट्या दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळते, एवढाच त्यात मला फायदा दिसला.

काम असं होतं. चांगल्या वंशाच्या गाईला काही दिवस सकाळ-संध्याकाळ हार्मोनची इंजेक्शनं द्यायची, म्हणजे एकाच वेळी तिची बरीच बीजं पिकतात. मग रेतन करायचं, आठवड्याने गर्भ अलगद धुऊन काढायचे आणि साध्या गाईंच्या पोटात वाढवायचे. औषध तेच, हात तोच, तरी एखादी गाय भरभरून गर्भ देते आणि शेजारची एकही देत नाही. हे आईकडून आलेलं, की गोठ्यातून आलेलं? रक्ताचा वाटा किती आणि वातावरणाचा किती, याची वाटणी माझ्या प्रोग्रॅमने करून द्यायची होती. दोन्हींत न बसणारं जे उरतं, त्याला आमच्या भाषेत ‘बाकी’ म्हणायचं. टिपणीस म्हणायचे, "बाकी म्हणजे आपलं अज्ञान. नाव मात्र सभ्य दिलंय."

ते स्वतः वातावरणवाले होते. माझ्या तक्त्यात त्यांनी वातावरणाचे एवढे रकाने वाढवले, की मला गोठ्याची कुंडली मांडतोय असं वाटायला लागलं. उष्मा, दमटपणा, चारा, पंखा कुठल्या बाजूला, इंजेक्शन देणारा माणूस घाईत होता का, शेजारी बांधलेली गाय भांडखोर आहे का. ‘रक्तातच आहे’ असं कोणी म्हटलं, की ते कोणी शिळं वाढल्यासारखं तोंड करत. बारशाला गेले आणि बायका पाळण्यावर वाकून "कोणावर गेलाय हो?" म्हणू लागल्या, की ते उठून गॅलरीत जायचे. एकदा कोणीतरी आग्रहाने त्यांनाच विचारलं, नाक आजीचं वाटतं ना? "नाक सर्दीचं आहे," ते म्हणाले. "वातावरण." त्यानंतर त्यांना बारशाची आमंत्रणं कमी झाली, याचं त्यांना अतोनात समाधान होतं.

दिसायला ते किरकोळ. कोटाच्या एका खिशात गोठ्यातला खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घडी करून ठेवलेला, दुसऱ्यात रुमाल. कुठला खिसा कशाचा, हे त्यांना कधीच लक्षात राहिलं नाही. भर गाडीत शिंक आली आणि त्यांनी तो हातभर मोजा झटकून काढला, तेव्हा समोरची जपानी बाई उठून पुढच्या डब्यात गेली. संस्थेतली मंडळी त्यांना ‘तिपुनिसु-सेन्सेई’, म्हणजे टिपणीस गुरुजी, म्हणत आणि त्यांचा राग कमरेत वाकून स्वीकारत. तेही वाकत. रक्त पुण्याचं आणि वातावरण जपानचं, त्यामुळे आपण माणसाचा पाणउतारा वाकून करतो, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

मार्चमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी मिळेल त्या विमानाने मुंबईला गेली. काही आठवड्यांनी परत येऊन ती, मागे राहिलेल्यांनाच भूकंप कसा होता ते सांगू लागली. मीही त्यांतलाच. टिपणीस गेले नाहीत. हे मला त्यांच्या पत्नीने, उषाताईंनी सांगितलं. पुण्याहून टिपणीसांचा भाऊ फोनवर रडत होता, या म्हणून. टिपणीसांनी त्याला सांगितलं, की गाईंची इंजेक्शनं अर्ध्यावर आहेत. उषाताईंनी दारात भरून ठेवलेल्या बॅगेतून चहासाठी दुधाची भुकटी परत बाहेर काढली. पाणी बंद होतं, टिपणीस टँकरमागे बादल्या घेऊन धावत होते, आणि इतकं करून त्या खेपेला एकाही गाईने धड गर्भ दिला नाही. "जमीन हलत असताना कोण गाभण राहील?" उषाताई म्हणाल्या. "एवढं कळायला यांना पीएचडी लागली."

उषाताई बोलायच्या कमी. पण बोलल्या, की टिपणीस वाद घालत नसत. त्यांना मूलबाळ नव्हतं. का नव्हतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि ज्यांची होती त्यांच्याकडे उषाताई अशा बघत, की माणूस हवापाण्यावर बोलायला लागे.

भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी गोठ्यात किकू नावाची गाय आली. उत्तरेकडच्या कोणा म्हाताऱ्या गवळ्याने भूकंपानंतर गोठा बंद केला, त्याच्याकडची. आई नामांकित, आजी त्याहून नामांकित. किकूने मात्र पहिल्या खेपेला काही दिलं नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. गोठ्याचे प्रमुख कोबायाशी-सान भला माणूस, पण नियमाचा पक्का. त्यांनी फळ्यावर तिच्या नावापुढे ‘रिकामी’ या अर्थाचं जपानी अक्षर काढलं. ते अक्षर जास्त दिवस राहिलं, की गाईची रवानगी कुठे होते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

टिपणीसांचा त्या अक्षरावर राग होता. त्यांनी कोबायाशी-सानना विचारलं, ‘अजून नाही’ला तुमच्याकडे काय म्हणतात? कोबायाशी-सान म्हणाले, "मादा." जपानी माणूस तो शब्द आखूड उच्चारतो; आपण मराठी माणसं ऐसपैस. टिपणीसांनी ‘रिकामी’ पुसलं आणि तिथे ठसठशीत देवनागरीत ‘मादा’ लिहिलं, म्हणजे कोणाला पुसायचं असेल तर आधी त्यांना अर्थ विचारावा लागेल. मी सकाळी जाऊन पाहतो तर किकूपुढे ‘मादा’. मला आपलं हिंदीतलं मादा वाटलं. गाय मादी असते हे फळ्यावर लिहायला संस्था एवढा पगार देते, याचं मला मोठं कौतुक वाटलं.

मग त्यांनी किकूला सोडून बाकी सगळं तपासलं. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की तिची जागा मागच्या पत्र्याच्या शटरशेजारी आहे. जमीन तेव्हा अजून मधूनमधून थरथरायची. आपल्याला कळायच्या आधी ते शटर खडखडायचं आणि किकू दावं ताणून उभी राहायची. त्यांनी तिला दुसऱ्या टोकाला हलवलं. पुढच्या खेपेला किकूने इतके गर्भ दिले, की कोबायाशी-सान चष्मा पुसून पुन्हा मोजायला बसले. नंतर ते अदबीने म्हणाले, की मधल्या काळात उन्हाळाही संपला आहे, त्यामुळे कारण शटरच, असं म्हणता येणार नाही. मला वाटलं, आता टिपणीस भडकणार. पण ते म्हणाले, बरोबर आहे. शटर असेल, ऋतू असेल, उरलेलं ‘बाकी’त टाका. फक्त रिकामी म्हणू नका.

हा शब्द आमच्या हिगाशी-कसाईत आणला उषाताईंनी. महिन्यातून एकदा त्या भारतीय किराण्यासाठी आमच्याकडे येत, आणि माझ्या वरच्या मजल्यावरच्या केतकीकडे चहाला थांबत. केतकीचा नवरा सौरभ माझ्याच कंपनीत. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, पुढच्या वेळी दोघंही या, दोघांच्या तपासण्या करू. सौरभला हे फारच अपमानास्पद वाटलं. म्हणून त्यांनी डॉक्टर बदलायच्या ऐवजी देशच बदलला. केतकी सुट्टी काढून पुण्याला जायची, सासूबाईंच्या ओळखीच्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायची, सुजून परत यायची. सौरभला ऑफिसात नेमकं त्याच आठवड्यात काम निघायचं. इमारतीच्या लिफ्टमध्ये, दुकानात, स्टेशनवर बायका तिला विचारायच्या, काय गं, काही विशेष?

"मादा म्हणायचं," उषाताईंनी तिला शिकवलं. "जपानीत उत्तर दिलं, की लोकांना पुढचा प्रश्न सुचत नाही." युक्ती लागू पडली. पुढे पुढे सगळ्या इमारतीलाच ते उत्तर पाठ झालं, आणि कोणी विचारलं तर केतकीच्या वतीने शेजारणीच सांगू लागल्या, मादा.

त्या वर्षी गणपतीच्या आधी केतकीच्या सासूबाई पुण्याहून आल्या. हिंदी मालिका आवडीने बघणाऱ्या. त्यांनी लिफ्टमध्ये शेजारणीला सहज विचारलं, आमच्या केतकीचं काही? "मादा, काकू," शेजारीण हसून म्हणाली. दुकानातल्या बाईनेही तेच सांगितलं. सासूबाईंनी त्याचा सरळ अर्थ लावला. सून गरोदर आहे, मुलगी आहे हेसुद्धा या पुढारलेल्या देशात सगळ्या इमारतीला कळलेलं आहे, आणि आपल्याला लाजून सांगत नाही. मुलगी ऐकून त्या जराशा खट्टू झाल्या, पण पहिलं आहे, चालेल, असं त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं. पुण्याला फोन गेले. केतकीला कचऱ्याच्या पिशव्या उचलायची बंदी झाली, रोज दूध-तूप सुरू झालं. सासूबाई एवढ्या का बदलल्या हे केतकीला कळेना. पण त्या बदलल्या आहेत यानेच ती इतकी सुखावली, की कारण विचारायच्या भानगडीत पडली नाही. तो एक आठवडा त्या घरात दोघी बायका गैरसमजावर सुखाने नांदल्या.

गणपतीच्या दिवशी हॉलमध्ये सासूबाईंनी चिटणिसांच्या बायकोला पेढा दिला. ती म्हणाली, कसला हो? सासूबाई म्हणाल्या, तुम्हीच सगळ्यांनी ना सांगितलंत, मादा. त्यावर चिटणिसांची इथेच वाढलेली मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, मादा मीन्स नॉट येट."

सासूबाईंच्या हातात पेढ्यांचा डबा तसाच राहिला. खरं सांगतो, क्षणभर मला त्यांची दया आली. पण क्षणभरच. लगेच त्यांनी डबा बंद केला आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या फर्टिलिटी स्पेशालिस्टांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, की हे रक्तातच असतं ना डॉक्टर? हिच्या मावशीलाही मूल नव्हतं. इतकी इंजेक्शनं झाली. तुम्ही एकदा स्पष्ट सांगा, म्हणजे दिवाळीच्या आत आम्हाला पुढचा विचार करायला बरं. पुढचा विचार म्हणजे काय, हे न कळण्याएवढं त्या हॉलमध्ये कोणी भोळं नव्हतं. केतकी मिठाचं ताट घेऊन उभी होती. सौरभला त्याच वेळी मखराची दिव्यांची माळ नीट करायची निकड वाटली.

टिपणीसांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "वळू तपासला का?"

"काय?"

"इंजेक्शनं हिला दिलीत. वळू तपासला का? गोठ्यात आम्ही आधी तो तपासतो. सोपं असतं, आणि वळूला त्याचं काही वाटत नाही."

"माझ्या मुलाला वळू म्हणता?"

"मी गाईंचा डॉक्टर आहे," टिपणीस म्हणाले. "माझ्याकडे दुसरा शब्द नाही."

नणंदेची केस सांगणाऱ्या बाई मटकन खाली बसल्या. चिटणीस माइककडे अशा नजरेने बघत होते, की सगळं त्यानेच केलं. सासूबाई मात्र सावरल्या. गाईंचे डॉक्टर, मग माणसांचं तुम्हाला काय कळतंय, असं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला किती मुलं?"

उषाताई आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली आणि मीठ जरा कमी पडलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "एकही नाही. सगळ्या महाराष्ट्रातले वळू यांनी तपासले. घरातला तेवढा राहिला."

टिपणीस पंगतीतून उठले. बायकोकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू येईल असे बोलले. "खरं आहे. माझी आई हिला वांझ म्हणायची आणि मी ऐकून घ्यायचो. मला डॉक्टरांनी तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी गेलो नाही. भीती वाटली." मग ते मखराकडे वळले. "सौरभ, ती माळ ठीक आहे. तू जाऊन ये."

उषाताईंनी पळी पुन्हा हातात घेतली आणि पुढच्या पानावर आमटी वाढली.

सौरभ लगेच गेला असं नाही. आमच्यात एवढ्यावर कोणी लगेच जात नाही. पण केतकीने पुण्याचं तिकीट रद्द केलं आणि त्याला शांतपणे सांगितलं, तू जाईपर्यंत मी सुई टोचून घेणार नाही. महिनाभराने तो गेला. जपानी डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या करून सांगितलं, की थोडं याचं आहे, थोडं हिचं आहे, आणि बरंचसं का होतंय ते आम्हालाही माहीत नाही. म्हणजे ‘बाकी’. पण उपाय आहेत, वेळ लागेल. सासूबाई दिवाळीच्या आधी पुण्याला परतल्या. मुलाच्या तब्येतीचा दोष त्यांनी जपानच्या पाण्याला दिला. सुनेचं असलं की रक्त, मुलाचं असलं की वातावरण; मी वर्षभर प्रोग्रॅम लिहून जी वाटणी करू शकलो नाही, ती त्यांनी एका वाक्यात केली.

टिपणीस आठवडाभर गोठ्यातही कोणावर रागावले नाहीत. कोबायाशी-सानना काळजी वाटून त्यांनी सुट्टी सुचवली. उषाताईंना मी घाबरत घाबरत विचारलं, घरी काही बोलणं झालं का? त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत माफी मागतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. परवा मागितली, तर मला ते आठवेचना." आणि हसल्या. टिपणीस घरात असताना मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढे टिपणीसांचा करार संपला. ते त्सुकुबा सोडणार त्या सकाळी मी मदतीला गेलो होतो. भारतातून आणलेलं निम्मं सामान परत न्यायचं नव्हतं, त्यामुळे कचऱ्याचं वर्गीकरण चाललं होतं: बाटल्या इकडे, डबे तिकडे, कागद दोरीने बांधून. हातमोज्यांचा एक अख्खा खोका निघाला. तो कुठल्या कचऱ्यात टाकायचा यावरून टिपणीस शेजारच्या जपानी आजोबांशी वाकून वाकून भांडत होते. तेवढ्यात उषाताईंचा फोन वाजला. केतकीचा होता. उषाताईंनी ऐकलं, फोनचा आवाज मोठा केला आणि तो टिपणीसांपुढे धरला.

"काका," केतकी म्हणाली, "मादा."

टिपणीसांचा चेहरा पडला. पण त्यांनी आवाज सांभाळला. "असू दे गं," ते म्हणाले. "घाई नाही. ऋतू बदलू दे. रिकामी नाही म्हणायचं, अजून नाही म्हणायचं."

पलीकडून हसण्याचा की रडण्याचा, काहीतरी आवाज आला, आणि त्यामागून दुसरा एक बारीक, चिडका आवाज.

"अहो," उषाताई म्हणाल्या, "जपानी नव्हे. हिंदी."

केतकीला दिवस गेल्याचं, बाळ सुखरूप येईपर्यंत टिपणीसांना सांगायचं नाही, असं तिने आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. टिपणीस एका हातात काचेची बाटली घेऊन उभे राहिले. डोळे पुसायला त्यांनी खिशात हात घातला, आणि अर्थातच हातभर मोजा बाहेर आला. त्यानेच त्यांनी डोळे टिपले. मग फोनवर वाकून, जन्मभर ज्या प्रश्नाला ते उठून गॅलरीत गेले होते, तो त्यांनी विचारला.

"कोणावर गेलीय गं?"